नळीवरचं ऊन

नेपरव्हिलला माझ्या शेजारी राहणारी इला मला मावशी म्हणते. जन्म इथलाच, आईवडील नागपूरचे. दर शनिवारी ती मला लायब्ररीत नेते आणि वाटेत आपल्या कामाबद्दल बोलते. ते काम समजायला मला बरेच शनिवार लागले.

काही अणुभट्ट्यांमध्ये इंधन एका लांब नळीत असतं आणि ती नळी दुसऱ्या, मोठ्या नळीच्या पोटात असते. मधे बोटभरसुद्धा जागा नसते. उष्णता आणि भार सोसून आतली नळी वर्षानुवर्षं हळूहळू खाली झुकते. ती बाहेरच्या नळीला टेकली, तर तिथे ठिसूळ होऊन चिरू शकते. कापून पाहायची तर सोय नाही. म्हणून इलाने एक कांडी तयार केली आहे. ती आतल्या नळीतून सरकते आणि विजेच्या साहाय्याने बाहेरची नळी किती दूर आहे ते ओळखते. असल्या भट्ट्या कॅनडात आहेत. कांडी मात्र इथल्या एका वर्कशॉपमध्ये घडते.

"म्हणजे कासारच की," मी म्हटलं. "आमच्या कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर एक बसायचा. हात नुसता दाबून मापाची बांगडी काढायचा. सिस्टर आम्हाला ओरडायच्या, पण त्याचं माप कधी चुकलं नाही."

"लकी यू, मावशी. माझा कासार चुकतोय ना!"

जानेवारीच्या शेवटी कॅनडाची माणसं कांडी पाहायला येणार होती. कांडी भरवशाची आहे, अशी सही इलाला करायची होती. उन्हाळ्यात वर्कशॉपमधल्या चाचणीच्या नळीवर सगळी मापं बरोबर आली होती. डिसेंबरपासून मात्र कांडी एका जागी नळ्या जवळजवळ टेकल्यात असं सांगू लागली. तिथलं अंतर तर इलाने स्वतःच्या हाताने नीट मोजून ठेवलेलं होतं. तिचा वरिष्ठ कबीर म्हणाला, "एक रीडिंग सोडून दे यार. बाकी सगळं परफेक्ट आहे."

एका शनिवारी लायब्ररीतून परतताना ती मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. बाहेर बर्फ, आत कुणी नाही. चाचणीची नळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी निजली होती. मी खुर्चीवर टेकले आणि मला डुलकी लागली. वाटलं, आपण त्या नळीतूनच चाललो आहोत; छत अगदी सावकाश खाली येतं आहे, आणि भीती मुळीच वाटत नाही. बाजूने कुणीतरी हात फिरवत चाललं आहे, त्याची सळसळ तेवढी ऐकू येते.

डोळे उघडले तेव्हा खरंच इला हातमोजा काढून, डोळे मिटून, नळीवर तळवा फिरवत चालत होती. मधेच थांबली.

"मावशी, इथे गरम आहे."

तिथे उन्हाचा एक लांबट पट्टा पडला होता. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट नळीपर्यंत येत होतं. धातू तापला की कांडीला मिळणारा इशारा बदलतो आणि तिला अंतर कमी झाल्यासारखं वाटतं. इलाने माझी शाल मागितली, उन्हाच्या जागी नळीवर पांघरली. आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. मग कांडी पुन्हा सरकली आणि माप बरोबर आलं.

तिने तिथूनच कबीरला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"ग्रेट! ब्लाइंड्स लावू या. झालं, साइन कर."

"आणि रिॲक्टरमध्ये ब्लाइंड्स कोण लावणार? तिथे जागोजागी टेम्परेचर वेगळं असतं. थंड जागी हीच चूक उलटी होईल."

"कॉन्ट्रॅक्ट जाईल, इला."

"जाऊ दे. टेकलेली नळी माझ्या कांडीने 'ठीक आहे' म्हणून सांगितली तर?"

पाहुणे आले त्या दुपारी तिने कबीरने लावलेले पडदे मुद्दाम वर ओढले. त्यांच्यासमोर कांडी चुकू दिली आणि का चुकली तेही सांगितलं. कबीर खिडकीबाहेर पाहत राहिला. पाहुण्यांतल्या वयस्क बाईंनी स्वतः नळीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथून उचलला नाही. मग विचारलं, कांडीत तापमान मोजायची सोय करायला किती वेळ लागेल?

"सहा महिने."

"मग आम्ही उन्हाळ्यात येतो."

"नको," इला म्हणाली. "उन्हाळ्यात इथे नळीवर ऊन येत नाही. पुढच्या जानेवारीत या."

बाई हसल्या आणि येतो म्हणाल्या.

माझी शाल अजून वर्कशॉपमध्येच आहे. मी मागितलेली नाही.