समोर ठेवलेला कहवा

"काका गेले रे," असा माहूज भागातल्या घरून काकूंचा फोन आला, तेव्हा मी जुफैरच्या सिग्नलला होतो. मागून हॉर्न वाजत राहिले, माझा पाय काही ब्रेकवरून उचलेना...

प्रभाकरकाका माझे सख्खे काका नव्हेत. इथल्या, आखातातल्या साऱ्या मराठी मंडळींचेच ते काका. नोकरी एका वयस्कर शेखसाहेबांच्या मजलिसीत, म्हणजे त्यांच्या रोजच्या बैठकीत. कोणाला कुठे बसवायचं, कोणाचं गाऱ्हाणं कधी पुढे करायचं, हे पाहायचं. मी त्यांना 'दरबारी' म्हणून चिडवायचो. दरबारी म्हणजे हांजी हांजी करणारा, एवढंच माझं ज्ञान. ते म्हणायचे, "हांजी हांजी कोणीही करेल. साहेब चिडलेले असताना गरजूला दारातच थोपवून धरायचं, हे खरं काम." स्वतः मात्र त्यांनी तिथे कधी तोंड उघडून काही मागितलं नव्हतं.

मग एका वर्षी माझी कंपनी बंद पडली. व्हिसा रद्द होणार, आणि बायकोला आठवा महिना. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलेलं. काका मला मजलिसीत घेऊन निघाले. वाटेत कहव्याची, म्हणजे तिथल्या अरबी कॉफीची, रीत पढवली, "कहवा हातात आला की पिऊ नकोस, समोर ठेव. पाहुण्याने कप तसाच ठेवला की त्याला काही मागायचंय, हे यजमान ओळखतो." आणि मी काय करावं? शेखसाहेबांनी हसून पाहिलं, आणि हातात दिलेलं टाकू नये या आईच्या शिकवणीला जागून मी कप एका घोटात संपवला. वर तो हलवूनही दाखवला, म्हणजे आता बास. मागायची वाट मीच बंद करून बसलो.

तेव्हा काकांनी आपला भरलेला कप खाली ठेवला. दरबारातल्या माणसाने असं करायचं नसतं. त्यांची नोकरीही गेली असती.

"पी, प्रभाकर," शेखसाहेब म्हणाले.

"तालउम्रक," काकांनी आधी त्यांना आयुष्य चिंतलं, "या मुलाचं ऐका, मग पितो."

त्यांनी ऐकलं. "खलास, ठरलं. होईल काम," म्हणाले. माझी मुलगी इथेच जन्मली. त्या दिवशी मला काका फार मोठे वाटले, आजही वाटतात.

परवा माहूजला गेलो. काकू अस्थी घेऊन एकट्याच पुण्याला निघाल्या आहेत. "तू नको येऊस, ऑफिसात ऑडिट चाललंय, रजा कशाला घालवतोस?" मी बरोबर येतो म्हटलं की हेच पालुपद. बोलता बोलता त्यांनी कहवा आणला, काकांच्या बिनकानाच्या, मजलिसीतल्यासारख्या कपात. मी तो समोर ठेवला.

काकू कपाकडे बघत राहिल्या...

"गार होईल," त्या म्हणाल्या. मी हात लावला नाही.

"बरं, ये बरोबर. पी आता."