उस्तिनाचं खरं गाव

गाणं संपलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण टेबलावर छोटा रेकॉर्डर ठेवून बसलेली ती मुलगी मात्र वहीत भराभर काहीतरी खरडत होती. ते पाहून उस्तिना घाईनं खाली बसली.

२००६ सालच्या सप्टेंबरमधली शनिवारची दुपार. कॉव्हेंट्रीच्या युक्रेनियन क्लबात गायकवृंदाची तालीम चालली होती. लारिसा नावाची ही मुलगी कीव्हहून युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली. परदेशात टिकलेली लोकगीतं गोळा करत इंग्लंडभर हिंडत होती. ‘‘आईच्या तोंडून ऐकलेलं एखादं जुनं गाणं येतं का कुणाला?’’ असं तिनं विचारलं, आणि एक्याऐंशी वर्षांची उस्तिना, कधी नव्हे ती, उठून गायली. शेवटची पेंढी बांधताना बायका म्हणत ते कापणीचं गाणं. साठ वर्षांत तिनं ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. आजच का आलं, तिचं तिलाही कळलं नाही.

‘‘आजी, तुम्ही तेर्नोपिलच्या ना? पण हे तिकडचं नाही!’’ लारिसाचा चेहरा उजळला होता. ‘‘ओळीच्या शेवटी आवाज असा वर फेकतात ते पार पूर्वेला, पोल्टावाकडे. तुम्ही नक्की कुठल्या?’’

‘‘तेर्नोपिलचीच,’’ उस्तिना म्हणाली. कोट उचलून, चहालाही न थांबता तिनं बसस्टॉप गाठला.

तेर्नोपिल तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. सतराव्या वर्षी जर्मनांनी तिला पोल्टावाजवळच्या खेड्यातून उचलून मजुरीला नेलं. युद्ध संपल्यावर निर्वासितांच्या छावणीत सोव्हिएत अधिकारी याद्या घेऊन आले. सोव्हिएत मुलखातल्यांना परत न्यायचं ठरलं होतं. युद्धाआधी पोलंडमध्ये असलेल्या तेर्नोपिलसारख्या पश्चिम भागातल्यांना तेवढी सूट होती. परत गेलेल्यांची रवानगी सैबेरियात होते, अशी छावणीत कुजबुज होती. उस्तिनाच्याच गावची मोत्र्या खरं बोलली. तिला ट्रकमध्ये चढवलं तेव्हा ती उस्तिनाला हाका मारत होती. उस्तिना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा म्हणाली, ‘‘तेर्नोपिल.’’

तेच कागदावर चढलं. त्याच कागदावर ती इंग्लंडला आली, लँकेशरच्या कापडगिरणीत राबली, लग्न करून कॉव्हेंट्रीत स्थिरावली. नवरा ल्विव्हकडचा. तो जाईपर्यंत त्यालाही तिनं खरं सांगितलं नाही. फॉर्मवर जन्मगाव लिहावं लागतं म्हणून ब्रिटिश पासपोर्टसाठी कधी अर्जही केला नाही. गायकवृंदात चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या गावची गाणी दुसऱ्यांच्या उच्चारात गात राहिली.

दहा दिवसांनी जाडसर पाकीट आलं. उस्तिनाला इंग्रजी बोलता यायचं, पण छापील कागद तिला वाचवत नसे. ते घेऊन ती शेजारच्या आसावरीकडे गेली. आसावरी पुण्याची, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. उस्तिनाची पत्रं नेहमी तीच वाचून द्यायची.

‘‘सरकारचं आहे ना?’’

‘‘नाही हो आजी, युनिव्हर्सिटीचं आहे. तुमचं गाणं जपून ठेवायला परवानगी हवीय. नाव, जन्मतारीख, जन्मगाव भरायचं आणि सही करायची.’’

‘‘जन्मगाव कशाला?’’

‘‘असंच, माहितीसाठी.’’ आसावरीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. ‘‘किती घाबरलाय तुम्ही! बसा बघू. व्हिसासाठी होम ऑफिसचं पाकीट आलं ना, की माझंही असंच होतं. पण हे तसलं काही नाही.’’

उस्तिना बसली नाही. पुढचे दोन शनिवार ती तालमीला फिरकली नाही. फोन वाजला की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. या वयात आपल्याला कोण कुठं धाडणार, हे तिला समजत होतं; तरी तिनं एक बॅग भरली. लोकरीचे मोजे, नवऱ्याचा फोटो, औषधं आणि पावाचे दोन लोफ.

तिसऱ्या शनिवारी सकाळी दार वाजलं. काचेतून दोन आकृत्या दिसल्या. उस्तिनानं कोट चढवला, बॅग घेतली आणि दार उघडलं.

‘‘चला,’’ ती म्हणाली. ‘‘मी तयार आहे.’’

दारात लारिसा होती, आणि गायकवृंद चालवणारा ओरेस्त. ‘‘कुठं निघालात?’’ ओरेस्तनं गोंधळून विचारलं. ‘‘हॉस्पिटलला का? तालमीला दिसला नाहीत, म्हणून बघायला आलो.’’

उस्तिनानं बॅग खाली ठेवली. तिथंच जिन्याच्या पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. ट्रक, मोत्र्या, कागद. ओरेस्त तिच्या शेजारी पायरीवर बसला.

‘‘बाबासुद्धा कागदावर तेर्नोपिलचेच होते,’’ तो म्हणाला. ‘‘खरे विनित्साकडचे. शेवटच्या आठवड्यात सांगितलं त्यांनी मला, तेही दार लावून घेऊन.’’

लारिसाला रडू आवरत नव्हतं. ‘‘दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या भागात हिंडले होते, आजी. एका म्हातारीला या गाण्याच्या दोन ओळी आठवत होत्या. पुढचं तिथं कुणालाच येत नाही. तुम्हाला लिहायचं नसेल, तर गावाची जागा कोरी ठेवू.’’

लारिसानं पर्समधून काढलेल्या फॉर्मकडे उस्तिना पाहत राहिली. मग पेन मागून तिनं एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं : वेर्बिव्का. लिहिताच तो कागद ओढून घेऊन फाडून टाकावा असं तिला वाटलं. लारिसानं तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

पुढचा आठवडाभर पोस्टमनची चाहूल लागली की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. आलं एकच पाकीट, गॅसबिलाचं. शनिवारी ती बसनं क्लबात गेली आणि बायकांना पहिलं कडवं शिकवू लागली.

‘‘कुठलं गं हे?’’ एकीनं विचारलं.

‘‘माझ्या गावचं,’’ ती म्हणाली, आणि गावाचं नाव तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं. मग टेबलाची कड घट्ट धरून दुसरं कडवं सुरू केलं.