उपाशी वाफा

काकीच्या नजरेसमोर कोणी उपाशी राहू शकत नसे. वाट चुकलेला पाहुणा असो, शेजाऱ्यांचा बैल असो, की माझ्यासारखी तराजू आणि वह्या घेऊन कुडपणला आलेली कृषीची विद्यार्थिनी. तिची पहिली चौकशी जेवणाचीच. बैलालाही ती विचारी आणि उत्तराची वाट न पाहता वैरण टाकी.

तिच्या नाचणीच्या शेतात माझा प्रयोग होता. काही वाफ्यांना शेण-गोमूत्राचं जीवामृत, काहींना रासायनिक खत आणि एका वाफ्याला काहीच नाही. त्या कोऱ्या वाफ्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्यांचा खरा गुण कळत नाही, हे मी तिला चारदा समजावलं. तिने मान डोलावली आणि त्याचं नाव ठेवलं, उपाशी. जाता-येता म्हणे, "बाकीची पंगतीला बसली नि ह्यो एकटा दारात उभा. कसली गो तुमची इद्या?" मी हसत असे.

दुसऱ्या वर्षीच्या कापणीला ते हसू पळालं. उपाशी वाफ्याची नाचणी जीवामृताच्या वाफ्यांच्या जवळपास भरली. तीनदा तोलली, तरी तेच. पहिल्या वर्षीही थोडं असंच झालं होतं, तेव्हा मी मातीवर ढकललं होतं. आता तसं म्हणून भागणार नव्हतं. जीवामृत निरुपयोगी म्हणावं, की माझंच काही चुकलं? शिष्यवृत्ती तर संपत आली होती.

"काकी, इथे कोणी काही घातलं का?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. "खत नाय घातलं गो, देवाशपथ. जीवामृताच्या बादल्या विसळायची ना, ते पानी तेवढं वतलं. फुकट कशाला घालवायचं?"

"दोन्ही वर्षं?"

"बघवत नाय गो त्याच्याकडं."

माझी दोन वर्षं अक्षरशः पाण्यात गेली होती. मी तिला नको ते बोलले आणि न जेवता निघाले. ती ताट घेऊन दारात उभी होती. त्याची लाज मला अजून वाटते.

कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक सरांना सांगूच नये, असंही मनात आलं. कोणाला कळणार होतं? दुसऱ्या दिवशी काकीचाच फोन आला. "माझं नाव घालून लिव. तुझ्या वहीत खोटं नको. जमीन हाय, मी हाय, येत्या सालाला परत करू." मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आणखी एक हंगाम दिला, शेवटचा.

तो हंगाम आम्ही दोघींनी धास्तीतच काढला. पावसाची मोठी सर आली की वरच्या वाफ्यांचं पाणी उपाशीत उतरेल म्हणून मी बांधावर धावे. काकी बादल्या घरी नेऊन विसळी आणि त्या वाफ्यावरून जाताना तोंडावर पदर घेई. तो पिवळा पडत गेला तसं मला हायसं वाटे, आणि तिचा जीव तुटे.

कापणीच्या आठवड्यात तिला महाडच्या दवाखान्यात ठेवलं. ती दोन दिवस अन्नाला शिवली नाही, असं तिच्या सुनेने कळवलं. मी वजनं केली. उपाशी नावापुरता भरला. आकडे खरे होते, पण मला आनंद करायला सुचेना. वही मिटली, शेणखताची एक पाटी उचलून त्या वाफ्यात पसरली आणि दवाखान्यात फोन लावला. तेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं.

"काकी, जेवला तो."

"पोटभर?"

"पोटभर."

ती तिकडे सुनेला म्हणाली, "आन गो, माझी पेज आन."