हातभर खड्डे
चाळीसगावजवळ रस्ता रुंद करायचा होता. खाली कुणी पुरलेलं आहे का, ते रडारच्या यंत्रानं बघायला मला बोलावलं होतं. बांधालगत यंत्राचा गाडा ढकलताना पडद्यावर हातभर लांबीचे खड्डे ओळीनं दिसले. अभियंता साहेब फार हुशार. म्हणाले, "गाव सगळं हिंदू, इथं जाळतात. आणि एवढी आखूड कबर असते का?" अहवालात त्यांनी झाडं लावायचे खड्डे लिहिले. दात न आलेलं बाळ आपल्याकडे पुरतात, हे त्यांच्याही घरात ठाऊक असणार. पण घरचं शहाणपण ऑफिसात कोण आणतो? संध्याकाळी शेजारच्या शेतातली म्हातारी अक्का आली. बांधाकडे बोट करून अहिराणीत म्हणाली, "मना पोऱ्या तठे शे." माझा पोरगा तिथं आहे.

साहेबांनी तिला शांतपणे समजावलं, "अक्का, आम्ही यंत्र लावून पाहिलंय."