पंचमीला न चिरलेली नळी

समस्त भोर आणि वेल्हे तालुक्यांतील सुजाण जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या डिझेल जीपच्या नळ्या विरघळल्या असून, त्या विरघळण्यास सर्वस्वी आम्हीच जबाबदार आहोत. जनतेने शांतता राखावी.

भोरच्या घराच्या ओट्यावर उभं राहून, एका हातात पाना धरून मी ही घोषणा केली, तेव्हा आतून बायको म्हणाली, "जनतेला सांगा, चहा गार होतोय."

जीप वडिलांच्या वेळची. सकाळी माझ्याआधी जागी होते आणि माझ्याइतकीच कुरकुरते. आमच्या शेजारी रसायनशास्त्राचे एक निवृत्त सर राहतात. हॉटेलांतलं तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं आणि परसातल्या शेडमध्ये त्याचं बायोडिझेल करायचं, हा त्यांचा निवृत्तीतला उद्योग. त्यांना प्रयोगासाठी गाडी हवी होती आणि मला कौतुकासाठी प्रयोग. तेव्हापासून आमची जीप जिथून जाते तिथे बटाटावड्याचा वास सुटतो. गावातली कुत्री इतर गाड्यांवर भुंकतात, आमच्या गाडीमागे मात्र आशेने चालत येतात.

सरांनी एकच गोष्ट सांगायला उशीर केला. हे इंधन जुन्या रबराला खातं. टाकीतून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी आधी फुगते, मग मऊ पडते आणि शेवटी खूप चघळलेल्या च्युइंगमसारखी बोटाला चिकटते. हे मला गेल्या वर्षी कळलं आणि नको त्या दिवशी कळलं.

माझी थोरली बहीण, आक्का, पासलीच्या वरच्या वस्तीवर दिलेली आहे. लग्नानंतर ती सासरी गेली ती याच जीपमधून. आता तिने साठी ओलांडली, गुडघे बोलायला लागले, तरी पंचमीला ती माहेरी येते आणि तिला आणायला मुराळी म्हणून मीच जातो. एसटीला वस्तीपासून बरंच खाली उतरावं लागतं, ते तिला आता जमत नाही. बंद काचांच्या गाडीत तिला मळमळतं. म्हणजे उरली जीप.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. गेल्या वर्षी मी त्याच दिवशी निघालो आणि वेल्ह्याच्या पुढे चढावर जीप आचके देऊन थांबली. खाली वाकून बघतो तर नळी फाटलेली आणि रस्त्यावर तेलाचा ओघळ. मोबाईलला रेंज नाही. शेवटी एका टेम्पोने आम्हाला ओढत माघारी आणलं. तिकडे आक्का माझ्यासाठी उपाशी, नवं लुगडं नेसून, भरलेली पिशवी मांडीशी घेऊन दुपारपासून दारात बसली होती. वस्तीवरची प्रत्येक बाई जाता-येता विचारत होती, "आला न्हाई व्हय अजून भाऊ?" संध्याकाळी माझा फोन लागला. मी मोठं भाषण तयार ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "असू दे रं." पंचमी गेल्यावर कसलं माहेर, म्हणून ती आलीच नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून या वर्षी ठरवलं, काहीही होवो, जीप वस्तीवर जाणार. गेल्या वर्षी पंचमी उलटल्यावर टेम्पोवाल्याने फाटलेल्या जागी तुकडा जोडून दिला होता. त्या तुकड्यावर मी भोरमधल्या भोरमध्ये वर्षभर फिरलो आणि नळ्या बदलायचं काम अर्थातच शेवटच्या आठवड्यावर ढकललं. गाडी नसरापूरच्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांनी गाडीखाली शिरून जुनी नळी चिमटीत दाबली आणि बोटं माझ्या नाकाखाली धरली.

"काय पाजताय साहेब हिला?"

"बायोडिझेल, वस्ताद. पर्यावरणाला चांगलं."

"पर्यावरणाचं मला म्हाईत न्हाई. हिची आतडी गेली. आन एक नळी बदलून भागायचं न्हाई. तेल जायाची येगळी, उरलेलं टाकीत परत यायाची येगळी. दोनी बदलाय पायजेत."

बायोडिझेलला दाद न देणारी नळी पुण्याहून मागवावी लागली. ती आली पंचमीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. मी आक्काला फोन केला, "उद्या सकाळी निघतो, नक्की." ती म्हणाली, "ये हां." पण ज्या आवाजात आपण उमेदवाराला 'मत तुम्हालाच' म्हणतो, तो तो आवाज होता.

पंचमीला सकाळी सकाळी मी वस्तादांच्या दारात हजर. नळ्यांची दोन वेटोळी बाकावर ठेवली होती. एक जाड, एक बारीक, दोन्ही काळ्या कुळकुळीत आणि चकाकत्या. वस्तादांनी आंघोळ करून कपाळाला गंध लावलं होतं. जुन्या नळ्या त्यांनी झटक्यात उतरवल्या. मग नव्या नळीचं टोक हातात घेऊन ते तसेच उभे राहिले.

"काय झालं?"

"साहेब, आज पंचमी."

"माहीत आहे. म्हणूनच तर घाई आहे."

"आज चिरायचं नसतं."

पंचमीला आमच्याकडे घरात विळी धरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, काही तळत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण तो कायदा गॅरेजला लागू आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"वस्ताद, ती भाजी चिरण्याची गोष्ट. हे रबर आहे!"

त्यांनी बाकावरच्या वेटोळ्याकडे बोट दाखवलं. "नीट बघा. काय दिसतंय?"

मी बघितलं. दुर्दैवाने मलाही तेच दिसलं.

"म्या चाळीस साल हितं गाड्या खोलतोय," वस्ताद म्हणाले, "पर आजच्या दिसाला असल्या आकाराची वस्तू म्या कापायचा न्हाई. तुमी कापत असाल तर ह्यो घ्या सुरा."

त्यांनी खरोखरच सुरा पुढे केला. मी तो हातात घेतला आणि नळी डाव्या हातात धरली. मी शिकलेला माणूस आहे, रसायनशास्त्राच्या सरांच्या शेजारी राहतो. आणि काल दिवसभर पासलीच्या वर एक बाई माझ्यासाठी उपाशी होती. मी सुरा खाली ठेवला.

वस्ताद खुदकन हसले. "मला वाटलंच. आता उद्या या."

"उद्या नाही!" मी असा ओरडलो की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. चढ, टेम्पो, दारातली पिशवी, 'असू दे रं'. नेहमीचे हातवारे या वेळी मला सुचले नाहीत. वस्तादांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"कापायचं न्हाई ना? मग अख्खीच बसवू."

रबरी तुकड्यांना जोडणारा मधला गंजलेला लोखंडी पाईप त्यांनी काढून टाकला आणि टाकीपासून इंजिनापर्यंत जाड नळी एकसंध नेली. परत येणाऱ्या तेलासाठी बारीक नळी, तीही अख्खी. दोन्ही गरजेपेक्षा कितीतरी लांब. उरलेल्या नळीची त्यांनी बॉनेटखाली, गरम भागापासून लांब, सुबक वेटोळी केली. ती बांधायला मी सुतळी तोडू लागलो, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "सुतळी बी न्हाई!" मग फडक्याच्या जुन्या चिंध्या शोधल्या. शेवटी मला इंजिनाजवळच्या, तेल चढवायच्या हातपंपावर बसवलं. नळीत हवा राहिली तर डिझेल गाडी चालत नाही, आणि इतक्या लांब नळीत हवाही तितकीच.

"बुडबुडं थांबस्तवर हाणा साहेब. बहीण तुमची हाय."

हात भरून आले, पण बुडबुडे थांबले. जीप खाकरली आणि सुरू झाली. निघताना वस्तादांनी पैशांचं नाव काढू दिलं नाही. "आज काय बी कापलं न्हाई म्या. उद्या बघू," म्हणाले आणि पुरणाची दोन दिंडं पानात बांधून दिली.

वेल्हे मागे पडलं. गेल्या वर्षीचा चढ आला तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघितलं, रस्ता कोरडा. जीपने चढ असा घेतला, जणू गेल्या वर्षी ती दुसरीच कोणी होती.

वस्तीवर माझ्याआधी माझा वास पोचला. आक्काच्या सासूबाई, वय नव्वदीकडे झुकलेलं, काठी आपटत अंगणात उभ्या होत्या आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडत होत्या, "कोन गं ती भवानी? पंचमीला भजी तळतीया!"

"मी आलोय, मामी!" मी जीपमधून हात जोडले.

"तुमी व्हय पाव्हनं! आन तळतंय कोन?"

"गाडी."

त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नातवाच्या नावाने हाक मारून पाणी मागवलं.

आक्का दारात आली. घरातलं जुनं लुगडं, हात राखेचे. जवळ पिशवी नव्हती.

"पिशवी कुठंय, आक्का?"

"भरली न्हाई."

"का?"

"मागल्या साली भरली होती." एवढं बोलून ती आत वळली. मी मागोमाग गेलो. ट्रंकेवर चार लुगडी घडी घालून, एकावर एक, काठ जुळवून ठेवलेली होती. शेजारी रिकामी पिशवी, तोंड उघडून उभी. फक्त आत ठेवायची बाकी होती. मी भाषण न करता पिशवी तिच्यापुढे धरली. मला तसं क्वचितच जमतं.

ती तयार होऊन बाहेर आली तोवर अंगणात बाया जमल्या होत्या. गेल्या वर्षी जाता-येता विचारणाऱ्या सगळ्या. आक्का जीपपाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "पोचंल न्हवं ही?"

असा प्रश्न आणि असा प्रेक्षकवर्ग मला पुन्हा कधी मिळणार? मी बॉनेट उघडलं आणि एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्याने आत दाखवलं. काळी, चकाकती वेटोळी गुंडाळून बसलेली. दोन बायांचे हात आपोआप जोडले गेले. आक्काने मात्र हात जोडले नाहीत. तिने बोट पुढे केलं आणि नळीवरून फिरवायला लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा, ती मोजत असावी. मग तिचं बोट थांबलं, डोळे भरले आणि सगळ्या वस्तीसमोर ती ओरडली,

"आरं, येवढी लांब! मागल्या साली ह्यातली वीतभर असती, तर आले नसते का मी!"