टेकलेलं बोट, घसरलेलं बोट

मायकेनची सगळी नोकरी एका प्रश्नावर चालली होती: माणसाचं बोट काचेवर टेकलं, की घसरलं?

स्वीडनमधल्या रोनेबी गावातल्या तिच्या कंपनीत टचस्क्रीन फोनचा चेहरामोहरा घडत असे. बटण कुठे, यादी कुठे, काय कसं उघडायचं, सगळं. त्यात स्पर्शाचा अर्थ लावणारा भाग मायकेनचा. बोट टेकलं तर उघडायचं, घसरलं तर पान सरकवायचं. ऐकायला एवढंच, पण एवढ्यातच तिचे केस पिकले.

मग तिच्या नवऱ्याचा, स्टेलानचा, हात कापू लागला. तो तिच्या नावावर बोट टेकवायला जाई आणि नावांची यादीच सरकून जाई.

"तुझ्या फोनला मी आवडत नाही, म्हातारे," तो हसून म्हणे.

त्या हिवाळ्यात तो लाकडं आणायला गेला आणि बर्फावर पडला. शेजारणीला त्याची हाक ऐकू येईपर्यंत तसाच पडून राहिला. फोन खिशात होता. लावून लावून थकला आणि त्याने तो परत खिशात ठेवला होता. हे सांगताना मात्र तो हसला नाही.

मायकेनने एक छोटासा बदल लिहिला. बोट जरासं हललं तरी ते टेकलंच असं धरायचं. पण काचेवर स्टायलसच्या काडीने लिहिलेली अक्षरं ओळखणं हे तिचा सहकारी विले याचं काम होतं, आणि तो बैठकीत अडून बसला.

"माझ्या बारीक रेघा गिळल्या जातात याने. आणि हे सगळं कोणासाठी?"

"काही ग्राहकांसाठी," मायकेन म्हणाली.

घरचं दुखणं बैठकीत आणायचं नाही, ही तिथली रीत. तिने आकडे दाखवले, आलेख दाखवले. स्टेलानचं नाव काही ओठांवर आलं नाही. आणि सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय तिथे पान हलत नसे. बदल राहून गेला.

वर्ष सरताना कळलं की कंपनीच बंद होणार. सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती शेवटच्या शुक्रवारी फोन बनवणाऱ्या कंपन्यांकडे जाणार होती. त्यानंतर कोणाला काही विचारायची सोयच उरणार नव्हती.

तिथे नोकरी सोडून जाणाऱ्याने केक आणायचा असतो. त्या शुक्रवारी सगळेच जाणारे, म्हणून सगळ्यांनीच आणला. टेबलभर सारखेच हिरवे, घुमटासारखे केक, प्रत्येकाच्या डोक्यावर एक गुलाबी फूल. खाणारं कोण?

"एकाने तरी विचारायचं होतं," कंपनीची प्रमुख टूवे कपाळावर हात मारून म्हणाली.

"आपण फोन घडवणारी माणसं," विले म्हणाला, "आणि एकमेकांना एक फोन करता आला नाही!"

सगळे हसले. हसता हसता कोणीतरी डोळे पुसले. टूवे म्हणाली, "घरच्यांना बोलवा आता. हे संपवायचं कसं?"

स्टेलान आला. त्याने ताटली घेतली, आणि चमचा ताटलीवर खडखड वाजत राहिला. सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरचा बर्फ पाहावासा वाटला. विले तेवढा बघत राहिला.

"हाच तुझा ग्राहक?" त्याने मायकेनला हळूच विचारलं.

तिने मान डोलावली.

"इतके दिवस माझ्याशी भांडलीस. एकदा बोलली असतीस तर?"

"माझं म्हणणं पटायला हवं होतं तुला. त्याची कीव नको होती."

"काय कुजबुजताय?" स्टेलानने विचारलं. "केकला नावं ठेवताय?"

"नाही रे, फोनला."

"मग मोठ्याने ठेवा की. मलाही ठेवायची आहेत."

विले हसला. मग चमचा तोंडातच ठेवून विचारात पडला.

"बदल सेटिंगमध्ये ठेवला तर? ज्याला हवा, त्याने चालू करावा."

"ज्याचा हात कापतो, तो सेटिंगपर्यंत पोचणार कसा?"

"हं." विलेने चमचा ताटलीत ठेवला. "नवा फोन पहिल्यांदा सुरू केला की कोपऱ्यांतल्या फुल्यांवर बोट टेकवायला लावतो ना आपण? तिथेच कळेल हात किती हलतो ते. हलत असेल तर तुझा बदल लागू. नाहीतर माझ्या रेघा शाबूत."

मायकेन त्याच्याकडे पाहतच राहिली. "हे आधी नाही सुचलं?"

"आधी नुसते ग्राहक होते."

टूवेने सगळ्यांना विचारलं. तोंडं केकने भरलेली, म्हणून होकारासाठी चमचे वर झाले. अंधार पडेपर्यंत काम झालं आणि आवृत्ती गेली.

ती कुठल्याच दुकानात पोचली नाही. तोवर लोकांना दुसरेच फोन हवे होते. ती आवृत्ती घातलेले चाचणीचे फोन भंगारात निघाले, त्यातला एक टूवेने मायकेनला स्टेलानसाठी नेऊ दिला.

नव्या वर्षात मायकेन रोजगार कार्यालयात नंबरची चिठ्ठी घेऊन बसली होती, तेव्हा तिचा फोन वाजला. स्टेलान.

"पडलास का?"

"नाही गं. मासळीच्या दुकानात आहे. हेरिंग मोहरीतला घेऊ की कांद्यातला?"

"तुला हवा तो घे."

"मला कुठलाच नकोय. लागतो का ते पाहत होतो."

खिडकीवर तिचा नंबर झळकला. मायकेनने शेजारच्या बाईला हातानेच पुढे जायला सांगितलं.

"मोहरीतला कसा दिसतोय?" तिने विचारलं.