नाव तेच, पत्ता नवा

भाऊंना पत्ता विचारून कुणी लवकर सुटल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या ऑफिसखाली पानठेला होता. तिथं कुणी वाट विचारताना ऐकू आलं की भाऊ हातातलं काम टाकून वरून खाली उतरत. कोणाकडे जायचं, काय काम, सगळी चौकशी करत आणि मग म्हणत, "थे आता तिथं राहत नाईत जी. पाटी लटकून हाये अजून, पन तिच्या नादी लागू नोका. मी सांगतो तिथं जा." पुष्कळदा स्वतःच सोबत चालू लागत. वर आमचं काम त्यांची वाट बघत बसलेलं असे.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. रक्त तपासणीचा रिपोर्ट आमच्या सर्व्हरवरून डॉक्टरांपर्यंत पोचवायचा, हा धंदा. भाऊ आमच्यातले सर्वांत जुने प्रोग्रामर आणि मी कॉलेजमधून नुकतीच आलेली, अंगात भारी शहाणपण घेऊन.

रिपोर्टची ने-आण लिबकर्ल नावाची लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, करते. तिला सर्व्हरचं नाव द्यायचं. ते नाव कुठल्या पत्त्यावर राहतं हे ती बाहेर विचारून घेते आणि तिकडे जाते. एकदा नवा सर्व्हर आला. जगानं जुन्याकडेच जावं आणि आमच्या चाचणीच्या प्रोग्रामनं तेवढं गुपचूप नव्याकडे जावं, असं हवं होतं. मी काय केलं, नाव खोडून तिथं थेट नव्या सर्व्हरचा आकडी पत्ता लिहिला. सर्व्हरच्या ओळखीचं सर्टिफिकेट निघालं नावाचं, आकड्याशी ते जुळेना, आणि जोडणी तुटली.

"काऊन वं," भाऊ म्हणाले, "पाहुनी गेली तं दारात उभी राहून घर नंबराले हाक मारतं का? नावानंच हाक मार ना. नाव तेच राहू दे. पत्ता तेवढा आपन आधीच तिच्या कानात सांगून ठेवू."

आणि त्यांनी ती सोय दाखवली. नाव, पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, आणि पत्ता अशी एक नोंद निघण्याआधीच लायब्ररीच्या हाती द्यायची. मग ती कुणाला विचारत नाही. सांगितल्या जागी जाते आणि दारात नाव मात्र जुनंच घेते. मी प्रोग्राम चालवला आणि तो पहिल्या झटक्यात चालला.

त्यांचा खरा जाच पुढे होता. काम झालं की ती नोंद काढायची, म्हणजे नावाआधी उणे चिन्ह लावून लायब्ररीला विसरायला सांगायचं. "ते लई इमानदार हाये," ते म्हणत. "एकदा सांगतलं की धरून बसते. घर खाली झालं तरी तिथंच जाऊन ठोकते." चहा घेताना, जिना उतरताना, जेवताना एकच प्रश्न, "उणे लावलं का?" रस्त्यात कुणाच्या गाडीचा इंडिकेटर उगाच लुकलुकत असला तरी हे ओरडायचे, "उणे लाव रे बाबू!" तो बिचारा पँटची चेन तपासायचा.

भाऊंची माय गावाकडे, अल्लीपूरला, एकटी होती आणि वर्ध्याला यायचं नाव काढत नव्हती. भाऊंनाच तिच्याकडे कायमचं जायचं होतं, पण ऑफिस कुणाच्या भरवशावर सोडावं हे ठरत नव्हतं. "माह्यी चूक धरनारं कोनी भेटलं की जातो," असं ते म्हणत. ते कोणी आपण व्हावं असं मला फार वाटे, आणि झालो तर भाऊ जातील म्हणून नकोही वाटे.

मग पुन्हा सर्व्हर बदलायची वेळ आली आणि त्यांनी सगळं माझ्यावर सोपवलं. रिपोर्ट अडला तर तिकडे पेशंट अडतो, त्यामुळे मी एकेक पायरी कागदावर लिहून काढली. चाचणी केली, नोंद काढली, नावाचा पत्ता जगासाठी बदलला. जुन्याकडे कुणी फिरकत नाही हे पाहून तो बंद केला. तेवढ्यात भाऊ ओरडले, "बंद पडलं सारं! जोडनीच होऊन नाई राह्यली!"

मी फोनकडे धावले. दवाखान्यांत फोन लावले तर रिपोर्ट मजेत जात होते. अडलं होतं फक्त भाऊंच्या टेबलावर. जाऊन पाहिलं. मागच्या बदलाच्या वेळी त्यांनी स्वतःच्या चाचणीच्या प्रोग्राममध्ये दिलेली नोंद तशीच होती, आणि तो बिचारा तेव्हा नव्या असलेल्या, पण आता बंद झालेल्या सर्व्हरचं दार ठोकत बसला होता.

"भाऊ," मी विचारलं, "उणे लावलं का?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. "झालं," म्हणाले, "आता मी मायकडे जातो." जिंकले मी होते आणि रडू मलाच आलं.

ते गेल्यावर एका रविवारी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांना भेटायला निघाले. दाराला कुलूप पाहून फोन लावला.

"भाऊ, मी तुमच्या दारात उभी आहे. तुम्ही कुठे?"

"कोनत्या दारात वं?"

मी वर पाहिलं. पिपरी मेघेतलं त्यांचं जुनं घर. गाडी सवयीनं तिथंच आली होती. मी जीभ चावली, तर तिकडून ते हसून हसून बेजार.

"अवं, उणे लाव त्या घराले! नाव तेच हाये माह्यं, पत्ता तेवढा बदलला. ये अल्लीपूरले. मायनं भाकरी टाकल्या."

मी गाडी वळवली. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आन कोनाले पत्ता विचारत बसू नोको. मी फाट्यावर येऊन उभा राह्यतो."